रिपोर्ट येईपर्यंत देवाकडे काय मागावे?



कीर्तनाला उभे राहिले की सेवेला अभंग घ्यावा लागतो. नारदाच्या गादीवरून मी चार वर्षांपूर्वी उतरलो. गुडघे आता दोन तास उभे राहू देत नाहीत. म्हणून आज अभंग न घेता एक प्रश्न घेतो. तो माझ्या मुलाने मला श्रावणातल्या एका रात्री ओटीवर बसून विचारला. "अण्णा, सुई तर मंगळवारीच टोचून झाली. गाठीत जे असेल ते आत्ताही आहेच. रिपोर्टाने ते फक्त कळणार. मग या आठ दिवसांत मी पांडुरंगाकडे मागू तरी काय?"

पन्नास वर्षे मी लोकांच्या शंकांना उत्तरे दिली. या प्रश्नाला मला लगेच उत्तर देता आले नाही. जे सुचले ते आपल्यापुढे ठेवतो, कारण आज घराघरांत कोणी ना कोणी असा रिपोर्टाची वाट पाहत बसलेला असतो.

आमचे घर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या अंगाला. मुलगा एस.टी.त ड्रायव्हर आहे. आषाढीहून परत आल्यावर दाढी करताना न्हावी म्हणाला, "बुवा, गळ्याला गाठ लागते हाताला." मला ना दुखत होते, ना घास अडत होता. महाडच्या डॉक्टरांनी तपासले, सोनोग्राफी करायला लावली आणि म्हणाले, थायरॉइडची गाठ आहे, मुंबईला नेऊन सुईची तपासणी करून घ्या. बायोप्सी हा शब्द घरात आला आणि घरातले बोलणेच कमी झाले. सून भाकरी थापताना गप्प, डोंबिवलीची लेक फोनवर बोलता बोलता गप्प.

मुंबईला तपासणीच्या टेबलावर झोपवले तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "बाबा, गळ्यातली माळ काढा." ही माळ मी सोळाव्या वर्षी आळंदीला घातली, वारकरी शिक्षण संस्थेत शिकायला गेलो तेव्हा. जोग महाराजांनी १९१७ साली लावलेल्या त्या वृक्षाच्या सावलीत चार वर्षे काढली, त्याची ही खूण. मी म्हटले, "माळ काढत नाही, बाळा." आता काय होणार या विचारात होतो, तोच डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या नातीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काढू नका, पण सुईच्या आड यायला नको. कोणीतरी वर धरा." मुलाला आत बोलावले. त्याने दोन्ही हातांनी माळ हनुवटीच्या वर उचलून धरली. सुई गळ्यात गेली तेव्हा मला फार दुखले नाही. इंजेक्शनच्या सुईसारखीच ती बारीक असते. पण माझ्या कानाशी तुळशीचे मणी एकमेकांवर वाजत होते. घाटातली अवघड वळणे घेताना ज्याचे हात हलत नाहीत, त्याचे हात कापत होते.

आता त्याच्या प्रश्नाकडे येऊ. पोराचे म्हणणे खोटे नव्हते. या गाठीविषयी मी डॉक्टरांना खोदून विचारले, ते सांगतो. थायरॉइड, जिला आपल्या पुस्तकी भाषेत अवटू ग्रंथी म्हणतात, ती कंठमण्याच्या खाली फुलपाखरासारखी बसलेली असते. तिच्यात गाठी होणे ही फार साधी गोष्ट आहे, वय वाढेल तशा त्या जास्त सापडतात. शंभरांतल्या नव्वदहून अधिक गाठी निरुपद्रवी असतात. उरलेल्यांत कॅन्सर निघाला तरी त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार सावकाश वाढणारा असतो आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर माणूस पुढे वर्षानुवर्षे जगतो. ग्रंथी काढली तर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी जन्मभर घ्यावी लागते. काही रोग्यांना किरणोत्सारी आयोडीन देतात. शरीरात आयोडीन ओढून घेणारी मुख्य जागा हीच ग्रंथी, म्हणून औषध नेमके तिच्या पेशींकडे जाते. परळला अणुऊर्जा खात्याच्या केंद्रात हे उपचार कितीतरी वर्षे चालू आहेत.

हे ऐकून धीर येतो. पण नव्वदांवरचे ते उरलेले दहा आपल्या बापाच्या गळ्यात नसतीलच, असे कोणता मुलगा म्हणू शकेल? शंभरांचा हिशोब डॉक्टरांचा. मुलाला बाप एकच असतो.

दुसरा एक प्रश्न आमच्याकडे शेजाऱ्यांनी आणला. "बुवा माळकरी. मांस नाही, दारू नाही, तंबाखू नाही, एकादशी चुकली नाही. मग बुवांना गाठ कशी?" विचारणारी माणसे प्रेमाचीच, पण या प्रश्नात एक काटा आहे. त्याचा अर्थ असा होतो, की ज्याला रोग झाला त्याचे कुठेतरी चुकले असणार. माऊली, माळ म्हणजे विम्याची पावती नव्हे. आपण ती देवाचे झालो म्हणून घातली, देवाने आपल्याला रोगातून वगळावे म्हणून नव्हे. गळ्याला मोठा गलगंड आलेल्या माणसाकडे पूर्वी लोक कसे पाहत, ते मला आठवते. कोणी शाप म्हणे, कोणी पूर्वकर्म. पुढे कळले, की आहारात आयोडीन कमी पडले की गळा असा वाढतो. १९६२ साली सरकारने देशात गलगंडाविरुद्ध कार्यक्रम सुरू केला तो आयोडीनयुक्त मिठाचा. ज्याला आपण पाप म्हणत होतो, ती कितीतरी ठिकाणी चिमूटभर मिठाची उणीव होती. माझ्या गाठीचे कारण डॉक्टरांनाही सांगता आले नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते सांगता येतच नाही. जिथे कारण ठाऊक नाही तिथे पाप घालून जागा भरू नये, एवढे मी शिकलो.

मग काळजीचे काय? चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक, एक जिवंतपणी जाळते आणि एक मेल्यावर, हे मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितले आहे. लोक माना डोलवत, टाळकरी हसत. आज वाटते, गादीवरून ते सांगणे फार सोपे होते. ज्याच्या बापाचा रिपोर्ट यायचा आहे त्याला हे सांगितले, तर तो एक चिंता करत होता तिथे दोन करू लागतो. एक बापाची, आणि दुसरी आपली भक्ती कच्ची असल्याची.

काळजी वाटणे म्हणजे श्रद्धा कमी, असे आपल्या संप्रदायाने कधी म्हटलेले नाही. शके १२१८, सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर महाराज आळंदीला समाधिस्थ झाले. तो प्रसंग नामदेवरायांनी अभंगांत सांगितला आहे. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरूही. आत्मा मरत नाही हे ज्यांनी शिकवले तेच ते. पण त्या दिवशी निवृत्तिनाथ व्याकूळ झाले, आणि नामदेवरायांनी ते झाकून ठेवले नाही. गुरूला रडू आले, हे लिहिण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग माझ्या एस.टी. ड्रायव्हर मुलाचे हात कापले तर काय मोठे?

काही जण गाडगेबाबांचे उदाहरण देतात. कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही. ही गोष्ट ऐकवून दुःखी माणसाला गप्प करतात. पण बाबांनी जन्मभर काय केले तेही पाहावे. त्यांनी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही परळच्या टाटा रुग्णालयात आलेली गोरगरिबांची कुटुंबे उतरतात. स्वतःच्या मुलासाठी जो थांबला नाही, त्याच्या नावाने दुसऱ्यांच्या मुलांना आपल्या आईबापाजवळ थांबता येते. बाबांची आठवण काढायची तर ही काढावी.

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी श्रेष्ठ खरा, पण भगवंत पुढे म्हणतात की हे सगळेच उदार आहेत. संकटात हाक मारणारा आर्त यादीबाहेर काढलेला नाही. रिपोर्टाची वाट पाहणारा मुलगा आर्तही असतो आणि जिज्ञासूही. दुखतेही आहे आणि कळायलाही हवे आहे. तो भक्तांच्या रांगेतच उभा आहे. एवढे मात्र खरे, की रांगेत उभे राहून काय करावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मी काय केले होते, ते आता सांगतो. हे मी आजवर कीर्तनात कधी सांगितले नाही.

१९८४ सालची गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू. त्यांच्या गळ्याला वीस वर्षांची जुनी गाठ होती. त्या वर्षी ती दोन महिन्यांत भराभर वाढली, आवाज बसला, पाणी पितानाही ठसका लागू लागला. लालबागला भाऊबंदांच्या खोलीवर उतरून त्यांना दवाखान्यात दाखवले. तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितले, की फार पुढे गेले आहे, काही महिने धरा. मी हात जोडून म्हणालो, "त्यांना सांगू नका." आत गेलो, हसलो आणि म्हणालो, "काही नाही आबा, सूज आहे. औषधाने उतरेल."

मला वाटले मी बापावर माया केली. पण पुढे काय झाले पाहा. घरी आलो तेव्हा आबांजवळ बसणे म्हणजे घडोघडी खोटे बोलणे झाले. ते विचारत, "सूज उतरायला किती दिवस लागतील रे?" मी आढ्याकडे पाहून उत्तर देई. मग मी बसणेच टाळू लागलो. चातुर्मासाचे दिवस होते. महाड, माणगाव, खेड, मुंबईतल्या चाळी, जिथून बोलावणे येई तिथे हो म्हणत गेलो. लोकांना मातृपितृभक्तीवर कीर्तने ऐकवली. पुंडलिकाची कथा सांगताना माझा गळा दाटून येई, आणि लोक म्हणत, बुवा काय रंगले! मार्गशीर्षात आबा गेले. त्या रात्री मी खेडला कीर्तनात होतो.

तेराव्यानंतर आईने मला जवळ बसवले. म्हणाली, "त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू व्हरांड्यातून आत आलास ना, तेव्हाच तुझं तोंड बघून कळलं त्यांना. मला म्हणाले, पोराला कळू देऊ नकोस मला कळलंय ते. उगाच कष्टी होईल." मी विचारले, "मग ते काही बोलले नाहीत?" आई म्हणाली, "रोज संध्याकाळी एवढंच विचारायचे, तो आज आहे का घरी? तुझ्या तोंडून हरिपाठ ऐकायचा होता त्यांना."

हरिपाठाचे सत्तावीस अभंग. म्हणायला अर्धा तास लागतो. चार महिन्यांत तो अर्धा तास मी बापाला दिला नाही, आणि तोही मायेपोटी! त्यांनी माझ्यासाठी लपवले, मी त्यांच्यासाठी लपवले, आणि मध्ये जी भिंत उभी राहिली तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही एकेकटे राहिलो. रोगाने त्यांना मार्गशीर्षात नेले. मी मात्र त्यांना श्रावणातच सोडले होते.

म्हणून या वर्षी सुई टोचून झाल्यावर माझा मुलगा डॉक्टरांशी एकटा बोलून बाहेर आला आणि हसून म्हणाला, "काही नाही अण्णा, साधी गाठ आहे," तेव्हा ते हसू मी ओळखले. चाळीस वर्षांपूर्वी ते माझ्या तोंडावर होते. घरी येईपर्यंत काही बोललो नाही. रात्री जेवणे झाल्यावर त्याला ओटीवर बसवले आणि आबांची ही सगळी गोष्ट सांगितली. मग विचारले, "आता खरे काय ते सांग." तो रडला. म्हणाला, सोनोग्राफीत गाठीची कड डॉक्टरांना चांगली वाटली नाही, कॅन्सर असूही शकेल, नसूही शकेल. मीही त्याला माझी भीती सांगितली. मरणाचे मला फारसे वाटत नाही, शहात्तर वर्षे झाली. पण आवाजाच्या नसा या ग्रंथीच्या मागून जातात, शस्त्रक्रियेत त्यांना जपावे लागते असे डॉक्टर म्हणाले होते. विठ्ठल म्हणायला आवाज उरला नाही तर काय, ही माझी भीती. इतकी वर्षे नामाला जिभेचीही गरज नाही असे सांगणारा मी, आवाजासाठी घाबरलो होतो. बोलून टाकल्यावर भीती गेली नाही. पण ती आता दोघांची झाली.

त्यानंतर त्याने तो प्रश्न विचारला, की मागू काय. त्या रात्री मी म्हणालो, "सकाळी सांगतो." रात्रभर पुंडलिक डोक्यात होता. ज्या कथेत मी स्वतः खोटा पडलो होतो ती कथा पुन्हा नीट पाहिली. पुंडलिक आईबापाची सेवा करत बसला आहे. दारात साक्षात परब्रह्म उभे. जो काहीही करू शकतो तो दारात आलेला असताना पुंडलिकाने त्याच्याकडे काय मागितले? आईबाप म्हातारे होते, आज ना उद्या जाणार होते. तरी त्याने त्यांचे आयुष्य मागितले नाही, दुखणे काढून घे म्हणाला नाही. त्याने वीट भिरकावली. त्या विटेचा अर्थ एकच, थांब. आणि देव प्रसन्न झाल्यावर शेवटी वर मागितला तोही हाच, की इथेच असा उभा राहा.

माऊली, आपला देव शस्त्र घेऊन धावणारा नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला आहे. अठ्ठावीस युगे त्याने एकच काम केले, थांबण्याचे. मग त्याच्याकडे मागायचे तर त्याचेच मागावे.

सकाळी मी मुलाला म्हटले, "गाठीत आहे ते नाही कर, असे मागू नको. तोंडातून निघाले तरी देव रागावणार नाही, आर्ताच्या तोंडातून तसेच निघते. पण मन लावून एकच माग, की पांडुरंगा, काहीही निघाले तरी थांब. आणि तू माझ्याजवळ तेच कर. पुंडलिक डोळे मिटून चिंता करत बसला नव्हता, त्याचे हात आईबापाच्या पायांवर होते. काळजी मनात फिरत राहिली तर ती तुझे तुलाच खाते. तीच हातात उतरली की तिची सेवा होते. परवा माझी माळ धरलीस ना, ती सेवाच झाली."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ड्युटी नसेल तेव्हा तो माझ्याजवळ बसतो आणि आम्ही हरिपाठ म्हणतो. त्याचा ताल चुकतो. मी चुकू देतो.

कोणी म्हणेल, मग औषधाचे काय, सगळे देवावर सोडायचे का? नाही. सुई टोचून घेतलीच ना? गाठ दिसली की दाखवावी. अंगारा लावून दिवस घालवू नयेत, नवस बोलून तर नाहीच नाही. आबांची गाठ वीस वर्षे कोणी दाखवली नाही, कारण ती दुखत नव्हती. दाखवणे हे आपले काम. दाखवून झाल्यावर जी वाट पाहावी लागते, तिच्यात काय करावे एवढाच हा प्रश्न आहे.

रिपोर्ट आठव्या दिवशी आला. त्यात ना हो होते, ना नाही. सुईच्या तपासणीचा निकाल सहा वर्गांत देतात. त्यात एक वर्ग असा असतो, की पेशी पुरत्या निर्दोषही नाहीत आणि कॅन्सरही म्हणता येत नाही. माझा रिपोर्ट त्या वर्गात आला. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा सुई. घरात सगळ्यांचे चेहरे पडले. आठ दिवस ज्याची वाट पाहिली ते उत्तर म्हणजे आणखी तीन महिने वाट पाहणे निघाले.

मुलगा मात्र त्या दिवशी शांत होता. म्हणाला, "अण्णा, श्रावणात आंबेनळीत धुके उतरले की पुढचे वळण दिसत नाही. गाडी घाटात सोडून थोडीच देता येते? कंडक्टर पुढे येऊन दाराशी उभा राहतो, कड बघत बोलत राहतो, आणि आम्ही एकेक वळण घेत जातो. धुके काही त्याच्या बोलण्याने जात नाही." मी पन्नास वर्षे कीर्तन केले, पण असा दृष्टान्त मला सुचला नव्हता.

आता कार्तिकी झाली की पुन्हा मुंबईला जायचे आहे. काय निघेल ते ठाऊक नाही. माळ धरायला तो येणार आहे, त्याने आधीच रजा टाकली आहे. आपल्या घरीही कोणाचा रिपोर्ट यायचा असेल तर एवढेच करा. आईबापांना अंधारात ठेवू नका. त्यांना किती ऐकायचे आहे ते त्यांनाच विचारा आणि तेवढे खरे सांगा. एखाद्याला ऐकायचे नसेल तर त्याच्यावर लादू नका, पण त्याच्याजवळून उठूनही जाऊ नका. आणि संध्याकाळी त्यांनी विचारले, की तो आज आहे का घरी, तर उत्तर 'हो' असू द्या.

रामकृष्णहरी.